एका हातात काळू

१

मंगळवारी सकाळी संग्रहालयाच्या अठरा पायऱ्या चढून बाई आत आल्या, तेव्हा त्यांच्या डोक्यात एकच विचार होता, आधी खुर्ची मिळाली तर बरं होईल. सव्वीस वर्षं त्या इथे लोकांना आकाश शिकवत होत्या. सूर्य हा एक तारा आहे, हे वाक्य त्यांनी इतक्या वेळा म्हटलं होतं की आता ते म्हणताना त्या मनात घरच्या वाणसामानाची यादी करायच्या. गुडघे कुरकुरत होते. आवाज दुपारपर्यंत बसायचा. शनीच्या कड्यावर सायकल चालवता येईल का, असं एखाद्या मुलीनं विचारलं की पूर्वी आपोआप येणारं हसू हल्ली शोधून आणावं लागायचं.

खगोल दालनाच्या दारात मामा उभे होते. मामा म्हणजे दालनाचे शिपाई. तीस वर्षं याच दारात उभे राहिलेले, नाकासमोर चालणारे, निवृत्तीला सात महिने उरलेले. आज ते दाराच्या बाहेरच्या बाजूला उभे होते आणि अंगात घरचा चौकटीचा सदरा होता.

"मामा, गणवेश कुठे गेला?"

"काढून घेतला, बाई."

"कोणी?"

"साहेबांनी. काल तुम्ही रजेवर होतात ना, काल आपला काळू गेला. सगळे म्हणतात, मी नेला."

बाईंनी दालनात डोकावून पाहिलं. मधोमध त्यांचं लाकडी टेबल होतं, काचेच्या झाकणाचं. आतली लाल गादी रिकामी होती. गादीत दोन खळगे होते.

काळू म्हणजे आकाशातून पडलेला लोखंडी दगड. पुस्तकात त्याला अशनी म्हणतात, पण पुस्तकातली नावं मुलांच्या तोंडी टिकत नाहीत. मोठ्या पेरूएवढा, काळाकुळकुळीत, वजनाला तीन किलोच्या वर. हात लावू नये अशा पाट्यांनी भरलेल्या या इमारतीत हात लावायची मुभा असलेली ती एकच वस्तू होती, आणि ती मुभा मिळवायला बाईंनी सहा वर्षं साहेबलोकांशी भांडण केलं होतं.

"चार वाजता माझं पत्र निघणार," मामा म्हणाले. "कामावरून कमी केल्याचं. बाई, मला घरी जायचंय तर जाईन, पण चोर म्हणून नाही जायचं."

२

साहेबांनी बाईंना बसा म्हटलं, आणि खुर्ची मिळाली एवढं एक काम सकाळी झालं.

"हे बघा, माझंही मामांशी वैर नाही," साहेब म्हणाले. "पण गोष्ट सरळ आहे. काल सोमवार, संग्रहालय बंद. साडेदहाला मामांनी टेबल पुसलं, काळू जागेवर होता, असं ते स्वतःच सांगतात. बारा वाजता साप्ताहिक मोजणी झाली, तेव्हा गादी रिकामी. कुलूप फोडलेलं नाही. किल्ल्या दोन. एक मामांच्या खिशात, दिवसभर. दुसरी तुमच्या खणात, आणि तुम्ही रजेवर."

"खणाला आकड्यांचं कुलूप आहे, आणि ते आकडे माझ्या हाताखालच्या चेल्यालाही माहीत आहेत."

"तो छतावर होता. मी स्वतः तुमची सूर्याची फाईल पाहिली. कालचा कागद आहे, अकराची वेळ आहे, त्याची सही आहे. आता माणूस एकाच वेळी छतावर आणि तळमजल्यावर नसतो, एवढं खगोलशास्त्र मलाही येतं."

साहेबांना आपला विनोद आवडला. बाई हसल्या नाहीत. सूर्याच्या फाईलवर त्यांचा जीव होता. रोज सकाळी अकराला छतावरच्या दुर्बिणीतून सूर्याचं बिंब पांढऱ्या कागदावर पाडायचं आणि त्याच्यावरचे काळे डाग पेन्सिलीनं गिरवायचे. आभाळ भरलेलं असलं तर रिकाम्या वर्तुळात 'ढग' एवढंच लिहायचं. प्रवेशदारावर पितळी पाटीच होती: एकोणीस वर्षं, एकही दिवस न चुकता. ती फाईल खोटं बोलणार नाही, असं साहेबांना वाटत होतं. बाईंनाही वाटत होतं, निदान तसं वाटून घ्यायची त्यांना सवय झाली होती.

"मला चार वाजेपर्यंत वेळ द्या," त्या म्हणाल्या.

"घ्या. पण बाई, तुम्ही काही पोलीस नाही."

"नाही. पण प्रश्न विचारून विचारूनच माझा घसा बसलाय."

३

पहिली गाठ पडली कुलूपबाईशी. वस्तूंची नोंदवही आणि किल्ल्यांचा जुडगा सांभाळणाऱ्या या बाईंसाठी हे नाव सगळे पाठीमागे वापरत, तोंडावर मात्र फक्त खगोल दालनाच्या बाई, कारण दोघी एकाच वर्षी लागल्या होत्या.

"माझ्याकडे अशी बघू नकोस," कुलूपबाई म्हणाली. "काळूला कायमचं काचेआड ठेवा, असं मी दोन वर्षं लिहून देत होते, हे खरंय. म्हणून मी त्याला पळवीन का? मी बारा वाजता झाकणातून पाहिलं आणि तशीच साहेबांकडे पळाले."

"नक्की काय काय गेलं?"

"एकच वस्तू. नोंद क्रमांक चारशे अकरा. वही बघ हवी तर." तिनं वही पुढे सरकवली, आणि मग हळूच म्हणाली, "आता टेबल कायमचं बंद करणार आहेत गं. मला हे असं नको होतं."

घुमटाखाली, जिथे छतावर तारे दाखवतात, तिथे डोमवाला यंत्राच्या पोटात मान घालून बसला होता. टेबलाची जागा त्याला नव्या यंत्रासाठी हवी होती, हे सगळ्या इमारतीला ठाऊक होतं.

"बाई, माझ्यावर संशय घेताय तर रांगेत उभ्या राहा, साहेबांनी कालच घेतलाय," तो आतूनच बोलला. "काल नऊपासून दोनपर्यंत बाहेरून आलेला कारागीर माझ्या उरावर बसला होता. त्याला विचारा. मी पाणी प्यायलाही उठलो नाही."

"कोणी वेगळं काही करताना दिसलं?"

"बंद दरवाजाआड काय दिसणार?" मग त्यानं मान बाहेर काढली. "हां, सकाळी हजेरीची सही करताना चेला दिसला. सुट्टीचा दिवस, आणि ह्याच्या अंगात इस्त्रीचा पांढरा सदरा, पायात पॉलिश केलेले बूट! म्हटलं, कुठे मुलगी बघायला निघालास का बाबा? तर लाजला."

चेला जिन्यात भेटला, चाळीस मुलांची रांग घेऊन. पंधरा वर्षांचा असताना तो बाईंच्या उन्हाळी वर्गात आला होता, आता चौतिशीचा होता आणि आठ वर्षं बाईंच्या हाताखाली शिकवत होता. चेला हे नाव बाईंनी नाही, बाकीच्यांनी पाडलेलं. बाईंनी फक्त ते खोडून काढलं नव्हतं.

"काल छतावर किती वेळ होतास रे?"

"साडेदहा ते बारा. दुर्बीण पण साफ केली," तो म्हणाला. "बाई, मामांचं काही होणार नाही ना?"

"चार वाजता होणार आहे."

त्यानं मुलांकडे पाहिलं, बुटांकडे पाहिलं, आणि रांग पुढे नेली.

४

मामा जिन्याखालच्या बाकावर चहा घेऊन बसले होते. पेल्यावर साय धरली होती.

"मामा, पुन्हा एकदा सांगा. साडेदहाला काय केलंत?"

"रोजचंच. झाकण उघडलं, गादी झटकली, काळूवरून फडकं फिरवलं, त्याला तेलाचा हात लावला. मग साध्याला पुसलं. झाकण लावलं, कुलूप घातलं. मागल्या दालनात झाडायला गेलो."

"साध्याला?"

"साधा दगड हो. तुमचा. तोही नेला की मेल्यानं! त्याचं कोणाला काही नाही. मी काल सांगितलं तर वहीवाल्या मॅडम म्हणाल्या, तो वहीत नाही."

बाई बाकावर बसल्या. सकाळपासून डोळ्यांसमोर असलेले गादीतले दोन खळगे आत्ता कुठे त्यांच्या डोक्यात शिरले.

साधा दगड त्यांनीच आणला होता, रस्त्याच्या कामावरून उचलून. अगदी काळूएवढा, पण वजनाला जेमतेम किलोभर. धडा सुरू व्हायच्या आधी मुलाला डोळे मिटायला लावायचं, एका हातात काळू द्यायचा, दुसऱ्या हातात साधा, आणि विचारायचं, यातला आकाशातला कोणता? हात आपोआप खाली जायचा, मुलाचे डोळे उघडायचे, आणि मग पुढची चाळीस मिनिटं ते मूल बाईंचं असायचं. आधी हातात द्या, मग बोला. बाईंची सगळी विद्या एवढ्या पाच शब्दांत होती.

काळू चोरणारा काळू नेईल. मिरवायला, विकायला, रागानं, कशासाठीही. पण रस्त्यावरचा दगड कोण नेईल? घाईत असलेला चोर उगाच एक किलोचं ओझं का वाढवेल?

ज्याला धडा घ्यायचा आहे, तोच नेईल. आणि हा धडा घेणारी माणसं या इमारतीत दोनच होती. त्यातल्या एक म्हणजे बाई स्वतः, आणि त्या काल रजेवर घरी गुडघे शेकत बसल्या होत्या.

"बाई, चहा घेता का? चेहरा उतरलाय तुमचा," मामा म्हणाले.

"नको मामा. अकरा वाजत आले. मला वर जायचंय."

५

छतावर जायला लोखंडी जिना होता, बत्तीस पायऱ्यांचा. चढताना बाई स्वतःशीच हुज्जत घालत होत्या. चेला अकराला छतावर होता. कागद आहे, वेळ आहे, सही आहे. फाईल बरोबर असेल तर चेला सुटला आणि मामा अडकले. मामा सुटावेत असं वाटणं आणि चेला अडकू नये असं वाटणं, ही दोन्ही मनं एकाच थकलेल्या छातीत होती.

आभाळ निरभ्र होतं. त्यांनी दुर्बीण फिरवली, कागद लावला, बिंब नीट बसवलं. उजव्या कडेपासून थोडं आत एक जोडडाग होता, एक मोठा, त्याला चिकटून एक लहान. त्यांनी तो गिरवला, वेळ टाकली, सही केली आणि कागद फाईलमध्ये लावला.

मग त्यांनी सवयीनं शेवटच्या दहाबारा कागदांवरून अंगठा फिरवला. मुलांना हा खेळ फार आवडायचा. पानं भरभर सोडली की डाग चालायला लागतात, उजवीकडून डावीकडे, रोज थोडे थोडे, कारण सूर्य स्वतःभोवती फिरतो. जुने डाग डाव्या कडेला जाऊन मावळले. रविवारी उजव्या कडेला नवा जोडडाग उगवला. आणि मग सोमवारी तो टुणकन उडी मारून डाव्या कडेला गेला. मंगळवारी परत उजवीकडे आला.

बाईंनी पुन्हा पानं सोडली. डागानं पुन्हा उडी मारली. सूर्याला असलं काही जमत नाही.

त्या दुर्बिणीजवळच्या लोखंडी स्टुलावर बसल्या. पंधरा मिनिटं त्या उठल्या नाहीत. मग त्यांनी खाली निरोप पाठवला की मुलं जेवायला बसली की चेल्यानं वर यावं.

६

चेला आला. बाईंनी काही न बोलता फाईल त्याच्या हातात दिली.

"पानं सोड."

त्यानं सोडली. एकदाच. मग फाईल मिटली आणि छातीशी धरली.

"आपल्या कागदावर सूर्य उलटा पडतो," बाई म्हणाल्या. आवाज चढवायचं त्राण नव्हतं, आणि गरजही नव्हती. "आरशातल्यासारखा, उजवं डावीकडे. हे तू आठवड्याला चारशे मुलांना सांगतोस. मोबाइलवरच्या फोटोत तो सरळ असतो. काल तू छतावर नव्हतास. कालचा डाग तू फोटो बघून काढलास, आणि घाईत उलटा करायचा विसरलास."

चेल्यानं फाईल दुर्बिणीशेजारी ठेवली.

"कुठे होती मुलाखत?"

आता मात्र त्यानं मान वर केली. "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"तुझ्या सदऱ्यानं आणि माझ्या दगडानं. छतावर शाईपेन्सिलीत लडबडायच्या दिवशी कोणी पांढरा सदरा घालत नाही. आणि साधा दगड धडा घेणाराच नेतो. बंद संग्रहालयाच्या दिवशी इस्त्री करून धडा कोणापुढे घ्यायचा असतो? समितीपुढे."

"नवीन विज्ञान केंद्र," चेला म्हणाला. "गावाच्या दुसऱ्या टोकाला. साडेअकराची वेळ होती. मामा मागे झाडायला गेले आणि मी तुमच्या खणातली किल्ली घेतली. दोन वाजता परत ठेवणार होतो, बाई. सोमवारी कोण झाकण उघडतं? पण या आठवड्याची मोजणी काल ठेवली होती, हे मी विसरलो. परत आलो तर साहेबांनी सगळ्यांना बोलावलेलं. मी कुठे होतो असं विचारलं आणि माझ्या तोंडून छत निघून गेलं. मग कागद हवा होता. ढग लिहावं तर काल दिवसभर लख्ख ऊन."

"मला विचारलं असतंस तर मी स्वतः दिला असता काळू."

"दिला असता?" तो पहिल्यांदाच जरा मोठ्यानं बोलला. "दोन वर्षांपूर्वी आपली एक सहकारी नोकरी सोडून निघाली, तेव्हा तुम्ही महिनाभर तिच्याशी एक शब्द बोलला नाहीत. निरोपाच्या दिवशी घुमटात जाऊन बसलात. मी काळू चोरायला नाही घाबरलो, बाई. तुम्हाला सांगायला घाबरलो."

बाईंना राग यायला हवा होता. आला नाही. जे आलं त्याला त्यांच्याकडे नाव नव्हतं, फक्त ते खरं होतं आणि लागलं होतं.

चेल्यानं दुर्बिणीच्या वजनांची पेटी उघडली. तोल साधायच्या लोखंडी चकत्यांमध्ये काळू बसला होता, कोणाला ओळखूही येऊ नये असा. शेजारी साधा.

"आज संध्याकाळी कपाटामागे सापडला म्हणू," तो घाईनं म्हणाला. "मामा सुटतील. कोणाचंच काही बिघडणार नाही."

"मामा सुटणार नाहीत. तीस वर्षांत एक वस्तू हरवली ती मामांच्या हातून, एवढं त्यांच्यामागे कायम राहील. तू केलंस ते साहेबांसमोर बोलायचं, आणि मामांसमोर बोलायचं."

"आणि तुमची फाईल? दारावरची पाटी? एक कागद खोटा निघाला तर एकोणीस वर्षांचं काय?"

बाईंनी फाईल स्वतःकडे ओढून घेतली.

"ती फाईल आधीच मोडलेली आहे," त्या म्हणाल्या. "नऊ वर्षांपूर्वी आई गेली, त्या दिवशी छतावर कोणीच आलं नाही. पुढचे दिवस कुलूपबाई रोज हा जिना चढली माझ्यासाठी. तो एक कागद मात्र मी नंतर बसून केला. आदल्या आणि दुसऱ्या दिवसाच्या बरोबर मधोमध डाग काढले. इतके चोख की कोणाला कधी कळलं नाही. पण फाईल उघडली की तो कागद माझ्या बोटांना कळतो. तुझा कागद मी इतक्या लवकर ओळखला, तो काय उगाच?"

चेला पेटीशी वाकला. त्यानं काळू उचलला, दोन्ही हातांत, जपून. जिन्याशी पोहोचल्यावर बाईंनी मागून विचारलं,

"धडा कसा झाला?"

"आधी हातात दिला," तो पाठमोराच म्हणाला. "मग बोललो. समितीतल्या चौघांचेही डोळे उघडले, बाई."

"निवड?"

"झाली असावी. पण आता हे कळल्यावर…"

"तेही तूच त्यांना सांगायचंस," बाई म्हणाल्या. "चल, खाली हो. मला पायऱ्या उतरायला वेळ लागतो."

७

चार वाजता साहेबांच्या टेबलावर मामांचं पत्र होतं, सही व्हायची बाकी. चेला बोलला. सुरुवातीला अडखळला, मग सरळ बोलला, आणि शेवटी साहेबांकडे पाठ करून मामांपुढे वाकला. मामांनी पाय मागे घेतले.

"काल दुपारपासून तू मला चहा आणून देत होतास," एवढंच ते म्हणाले. माफ केलं असं ते म्हणाले नाहीत, आणि कोणी त्यांना म्हणायला लावलं नाही.

साहेबांनी पत्र फाडलं. चेल्याचं काय करायचं ते वरिष्ठांना विचारून ठरवू, असं म्हणून त्याला घरी धाडलं. मग बाईंनी दुसऱ्या कागदाचं सांगितलं, नऊ वर्षांपूर्वीच्या. साहेबांनी डोक्याला हात लावला.

"अहो, हे सांगायची आज काय गरज होती? आता पाटीचं काय करू?"

"काढा. मी दोन्ही कागदांवर लाल शाईनं लिहून ठेवते. बाकीचे खरे आहेत."

साडेपाचला दालन रिकामं झालं. मामा परत गणवेशात होते, सदऱ्याच्या बाह्या अजून बाहेर डोकावत होत्या. कुलूपबाईनं येऊन क्रमांक चारशे अकरा ताब्यात घेतल्याची नोंद केली, साध्या दगडाकडे पाहिलं, आणि वहीत नवी ओळ काढून त्यालाही एक क्रमांक देऊन टाकला. टेबल बंद करण्याबद्दल ती काही बोलली नाही.

बाई मुलांच्या ठेंगण्या बाकावर बसल्या होत्या. उद्यापासून सगळे वर्ग एकटीनं घ्यायचे होते. नवा माणूस मिळेल तेव्हा मिळेल. जिना रोज चढायचा होता. त्यांना वाटलं, आपण इथून आता उठूच नये.

"बाई, डोळे मिटा," मामा म्हणाले.

"काय हो मामा, आता?"

"मिटा म्हणतो ना."

त्यांनी मिटले. तळव्यांवर काहीतरी गार ठेवलं गेलं, आधी एका, मग दुसऱ्या. डावा हात आपोआप खाली गेला.

"यातला आकाशातला कोणता?" मामांनी विचारलं. अगदी त्यांच्याच सुरात, त्या जिथे थांबतात तिथेच थांबून. वर्षानुवर्षं दारात उभं राहून त्यांनी हा धडा शब्दन् शब्द ऐकला होता.

बाईंच्या लक्षात आलं, हजारो हातांत त्यांनी काळू दिला होता, पण त्यांच्या हातात तो असा कोणीच कधी दिला नव्हता. मिटलेल्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ते पुसायला दोन्ही हात मोकळे नव्हते.

"डावा," त्या म्हणाल्या.

"बरोबर," मामा म्हणाले. "आता बोला."